वॅगन-आरचा रनिंग बोर्ड, 16 हजार आणि परत आलेला गंज

नमस्कार साहेब,

गॅरेजला दिलेला तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की 2010 च्या वॅगन-आरला मी आधी 52 हजार सांगितले आणि मग 16 हजारांत काम केलं, म्हणजे पहिला आकडा लुटायचाच होता. दुसरं, डाव्या रनिंग बोर्डला, म्हणजे दारांखालच्या पत्र्याला, दिवाळीआधीच पुन्हा गंजाचे फुगे आले. तिसरं, दाराचा रंग बोनेटशी जुळत नाही.

फुग्यांचं आधी बोलतो, कारण तिथे मी चुकलोय. त्या दिवशी तुमच्यासमोर रनिंग बोर्डवर लोहचुंबक फिरवला होता. पुढच्या दाराखाली वीतभर जागेत तो पकडेचना. म्हणजे तिथे पत्रा उरलाच नव्हता, आधी कुणीतरी थापलेली पुट्टी होती. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर सरळ आत गेला आणि भोकातून ओली तांबडी माती गळली. पाणी निघायची भोकं त्याच मातीने बुजलेली. हा पत्रा कापून नवा वेल्डिंग करायला हवा होता. तुम्ही म्हणालात, "पासिंगपुरतं करा." मी घासून, प्रायमर मारून वरून परत पुट्टीच भरली. आतला गंज थांबणार नाही हे मला कळत होतं. "एक पावसाळा निघेल" असं तोंडी बोललो, एस्टिमेटवर लिहिलं नाही. तोही धड निघाला नाही.

52 हजार मात्र फुल बॉडीचे, म्हणजे पूर्ण गाडी रंगवायचे होते. काचांची रबरं, लाइटी, हँडलं, बंपर उतरवायचे, सडका पत्रा बदलायचा, मग प्रायमर, पेपर, बेस कोट, क्लिअर. यात निम्म्याहून जास्त मजुरीच जाते. गाडी लाखाची आहे म्हणून रंग कमी लागत नाही. उलट रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात 15 वर्षं काढलेल्या गाडीला पत्र्याचं काम वाढतंच. आणि तेव्हाच सांगितलं होतं, की विकायची असेल तर हा खर्च करूच नका, गिऱ्हाईक रंगाचे पैसे देत नाही. आरसी 5 वर्षांसाठी रिन्यू करून वापरायची असेल तर पैसे खालच्या पत्र्यावर घाला, वरची चमक राहू दे. फुल बॉडी मी तुमच्या गळ्यात मारत नव्हतो, तुम्ही आकडा विचारलात म्हणून सांगितला.

रंगाची तक्रार मला मान्य नाही. कंपनीच्या रंगाच्या कोडवरून मिक्स केलेला सिल्व्हर कंपनीतून निघालेल्या दिवसाचा असतो. तुमचं बोनेट उन्हाने फिकं पडलंय. मेटॅलिक सिल्व्हरमध्ये तर रंग मारायच्या स्प्रे गनचा प्रेशर बदलला तरी छटा बदलते. मागच्या दारापर्यंत रंग विरवत नेला, म्हणून तिथे जोड दिसत नाही. बोनेटला हात लावू नका, असं तुम्हीच सांगितलं होतं.

आता हवा कोरडी आहे, गाडी घेऊन या. डावा रनिंग बोर्ड कापून नवा पत्रा बसवतो, आतून अँटी-रस्ट मारतो. पत्रा आणि रंगाचं सामान साधारण साडेचार हजार, ते तुमचे. मजुरी घेणार नाही. पत्रा कापल्यावर आधी फोटो पाठवतो, मगच पुढचं. उजवी बाजूही चुंबक लावून बघू. तीन दिवस गाडी ठेवावी लागेल. जुनं बिल सापडलं नाही तरी चालेल, वहीत नोंद आहे.