कॅमेऱ्यासमोर या, ट्रायपॉडला हात लावू नका

घोडबंदर रोडवरच्या आपल्या कॉम्प्लेक्सचं स्वतःचं चॅनल निघतंय, केबलवाल्याने रोजचा अर्धा तास फुकट दिलाय, अशी कुणकुण लागली की घाबरू नका. तुमच्याकडे लोकसहभाग मागितलाय, काम नाही.

पहिल्या मीटिंगला जरूर जा. चहा असतो. ‘काहीही लागलं तर हक्काने सांगा’ असं मोठ्याने म्हणा आणि यादीत बंद पडलेला मोबाइल नंबर लिहा. मग एखादा अभ्यासू पोरगा उठेल आणि इतिहास सांगू लागेल. १९७१ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये केबल कंपन्यांना शहराशी केलेल्या करारापायी जनतेसाठी चॅनल मोकळं ठेवावं लागलं. जो आधी येईल त्याला वेळ, आणि काय दाखवायचं ते कंपनीने ठरवायचं नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९७५पासून पीज गावच्या टीव्ही केंद्रावरून गावकऱ्यांना घेऊन केलेले कार्यक्रम लागत. १९९५ साली तर सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तुम्ही मान डोलवा. सार्वजनिक मालमत्तेचं आपण काय करतो, ते तलावपाळीच्या कठड्याला विचारावं.

त्या पोराचं म्हणणं एवढंच, की लोकांनी नुसतं दिसायचं नाही, यंत्रं शिकून कार्यक्रमही स्वतः करायचे. हे कानाआड करा. तुम्ही दिसा.

मुलाखत घ्यायला तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी येईल. विषय पाणीटंचाई. तुम्ही १९८२च्या बदलीपासून सुरुवात करा. कॉलर माइक शर्टाच्या आत खोचा, वरून मफलर घ्या, म्हणजे श्वासागणिक कापड घासल्याची खरखर थेट रेकॉर्ड होते. ‘काका, पंखा बंद करू का?’ असं ती तीनदा विचारेल. ‘उकडतंय गं’ म्हणा. आमच्याकडे एका रविवारी काकूंनी ऐन उत्तरात कुकर लावला. चार शिट्ट्यांनंतर टाकीच्या गळतीचा मुद्दा आला, तोवर मुलीच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. काकूंनी तिला डाळ-भात वाढला, हेही सांगायला हवं.

चाळीस मिनिटं कापून चार करायची असतात. ते काम ती मीटररूमशेजारच्या खोलीत, रात्री, उद्याच्या परीक्षेचं पुस्तक मांडीवर ठेवून करते. अशा वेळी फोन करा. ‘माझं ते शेरोशायरीचं घेतलंस ना?’ नाही घेतलं, तर यात राजकारण आहे असं लिफ्टमध्ये बोला.

राजकारणावरून आठवलं, ट्रायपॉड भावी नगरसेवक भाऊंनी दिलाय. त्याची पावती म्हणून पडद्याच्या तळाशी त्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची पट्टी वर्षभर सरकत राहील. वाढदिवस एकदाच येतो, हे कुणीही काढायचं नाही. पाणीटंचाईच्या भागाला तर त्यांचं खास मार्गदर्शन घ्या. टँकर त्यांच्या मेहुण्याचे आहेत, त्यांच्याइतकं टंचाईचं कुणाला कळणार? भाग होईल झकास. फक्त त्यात टंचाई नसेल, कारंज्याचं उद्घाटन असेल. मॅनहॅटनच्या कंपनीला जी मुभा नव्हती, ती आपल्याकडे एका ट्रायपॉडात मिळते.

महिनाभरात मंडळी पांगतात. अभ्यासू पोरगा हिंजवडीला जातो. उरतात ती मुलगी आणि बी विंगमधल्या निवृत्त बाई, त्या वायर गुंडाळतात. एका संध्याकाळी बेल वाजेल. ‘काका, उजेड परतवायला थर्माकोलचा पत्रा धरायचाय. दहाच मिनिटं.’ गुडघा पुढे करा. गुडघ्याला नाही कुणी म्हणत नाही.

मग चहा घेऊन गॅलरीत या. खाली बाई एका हाताने थर्माकोल आणि दुसऱ्या हाताने पदर सावरत असतील, खाडीकडचा वारा दोन्ही उडवत असेल. कठड्यावर रेलून, खाली ऐकू जाईल असं ओरडा :

‘अहो, जरा उजवीकडे घ्या ना!’