मिसिसिपीत मतं चोरली नव्हती, मागितली होती

अमेरिकेच्या राजकारणावर बोलणं निघालं की मिसिसिपी राज्यातल्या २०१४ च्या निवडणुकीबद्दलचा एक दावा हमखास पुढे येतो. रिपब्लिकन सिनेटर थॅड कॉक्रन हरत होते म्हणून त्यांनी ब्लॅक डेमोक्रॅट्सना आणलं आणि रिपब्लिकनांची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, चोरली, असा तो दावा. मला हे पटत नाही, आणि का ते सविस्तर सांगते.

आधी घडलं काय ते बघा. ३ जूनच्या प्रायमरीत टी पार्टीचे (रिपब्लिकनांमधल्या कट्टर उजव्या गटाचे) क्रिस मॅक्डॅनियल साधारण साडेएकोणपन्नास टक्क्यांवर, कॉक्रन ४९ वर, तिसऱ्याने दीड टक्का नेला, ५० च्या पुढे कोणीच नाही म्हणून २४ जूनला रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत फेरमतदान, झाला. त्यात कॉक्रन ७,६६७ मतांनी जिंकले. मधल्या तीन आठवड्यांत त्यांच्या लोकांनी ब्लॅक वस्त्यांत जाऊन, चर्चच्या पास्टरांना भेटून उघडउघड मतं मागितली होती. आता चोरी म्हणणाऱ्यांचे मुद्दे एकेक करून घेते.

"डेमोक्रॅट्सना तिथे मत द्यायचा हक्कच नव्हता." मिसिसिपीत मतदार नोंदणी करताना पक्ष लिहायचाच नसतो. बंधन एवढंच की ३ जूनला डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलं असेल तर रिपब्लिकन रनऑफमध्ये देता येत नाही. ज्याच्या प्रायमरीत मत देताय त्याच पक्षाला पुढे पाठिंबा द्यायचा इरादा हवा असंही कायद्यात लिहिलंय हे मान्य, पण इरादा तपासणार कसा? नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीतलं मत तर गुप्तच असतं.

"जिंकले ते फक्त ब्लॅक मतांवर." रनऑफमध्ये मॅक्डॅनियलचीच मतं जवळपास ३० हजारांनी वाढली, कॉक्रनची ३८ हजारांहून जास्त, म्हणजे मतदान दोन्हीकडे वाढलं होतं. जॅक्सन शहराच्या हाइंड्स काउंटीत ते जोरात वाढलं, आणि ब्लॅक मतांशिवाय कॉक्रन बहुतेक हरलेच असते हे मी मान्य करते. पण मग ती मतं कमी दर्जाची होती का?

"रिपब्लिकनांच्या घरात त्यांचं काय काम?" याचा मला खरंच राग येतो. मिसिसिपीत तिघांतला एकाहून जास्त माणूस ब्लॅक आहे आणि राज्य इतकं रिपब्लिकन की सिनेटर कोण होणार ते प्रायमरीतच ठरतं, मग तिथे मत देऊ नका म्हणजे सिनेटर निवडूच नका असं सांगणं झालं. याच राज्यात २१ जून १९६४ ला नेशोबा काउंटीत चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन तरुणांचा खून झाला, ब्लॅक लोकांची मतदार नोंदणी व्हावी म्हणून ते काम करत होते. रनऑफ झाला त्याला ५० वर्षं आणि तीन दिवस झाले होते. आणि या मतदारांना कोणी फसवून आणलं असंही नाही, कॉक्रन कॅटरिना चक्रीवादळानंतर सिनेटच्या अॅप्रोप्रिएशन्स कमिटीचे, म्हणजे सरकारी खर्च मंजूर करणाऱ्या समितीचे, अध्यक्ष होते, राज्यात मदतीचा पैसा आला, ब्लॅक कॉलेजांच्या निधीसाठी आपण काय केलं हे त्यांचा प्रचार सांगत होता, समोर मॅक्डॅनियल केंद्राचा खर्च कापा म्हणत होते. आपल्या भागाला पैसा कोण आणेल हे बघून मत देणं यात चूक काय?

एक गोष्ट मात्र मी झाकणार नाही. टी पार्टी ब्लॅक लोकांना मत देऊ देणार नाही अशी भीती घालणारी पत्रकं त्या वेळी वाटली गेली, ते वाईटच होतं. त्यावर जरूर टीका करा, पण ती पत्रकं छापणाऱ्यांवर करा, रांगेत उभं राहून मत देणाऱ्यांवर नको.

"कोर्टाने पुरावे दाबले." कोर्टाने पुरावे तपासले नाहीत हे खरं आहे. कारण असं की मॅक्डॅनियलनी पक्षाकडे तक्रार दिली ती रनऑफनंतर ४१ दिवसांनी, मुदत होती २० दिवसांची, म्हणून ऑगस्टअखेर केस फेटाळली गेली आणि ऑक्टोबरमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तोच निकाल कायम ठेवला. त्यामुळे 'चोरी सिद्ध झाली' असं जे सर्रास लिहिलं जातं ते कुठल्याच निकालात नाही.