पळून नाही आले ते

आज आम्ही सगळे कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेलो होतो. मामेभावाच्या लग्नाचा बस्ता. सकाळी अकराला गादीवर बसलो ते तीन वाजेपर्यंत. मानपानाच्या साड्या, आहेराचे टॉवेल-टोप्या, सगळं एकाच दुकानात. दुकानाचे मालक सिंधी, ऐंशीच्या पुढचे, पण साडीची घडी अजून स्वतः उलगडून दाखवतात. कोल्हापुरी अशी बोलतात की आमच्या पुण्याच्या वहिनीला दोनदा विचारावं लागलं.

आमच्यातले एक काका बाजूला मोबाईल बघत होते. कुठल्या तरी सीमेवरचा व्हिडिओ, बायका-पोरं गाठोडी घेऊन चाललेली. काका मोठ्यानं म्हणाले, "स्वतःचं घर राखता येत नाही आणि पळून येतात दुसऱ्याच्या दारात. पळपुटी जात."

गांधीनगरात. त्या माणसासमोर.

मालकांचा हात साडीवर एक क्षण थांबला. मग त्यांनी पदर उलगडून दाखवला आणि पोऱ्याला चहा सांगितला. मी गप्प बसले. कार्य आहे, मोठ्या माणसाला चारचौघांत कशाला बोलायचं, म्हणून गप्प बसले. घरी आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. काका फेसबुकवर आहेत, वाचतीलच. वाचू देत.

माझी आजी वळिवड्याची. ती नऊ-दहा वर्षांची असताना गावाशेजारी पोलंडच्या लोकांचा कॅम्प होता. १९४३ ते १९४८. कौलारू बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च आणि पाचेक हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. पणजी भाजीची पाटी घेऊन कॅम्पात जायची आणि आजी तिच्या मागं. त्यांची एक ठरलेली गिऱ्हाईक होती. आजीला तिचं नाव कधीच म्हणता आलं नाही, ती म्हणायची 'बटाटेवाली मडम'. कारण ती बाई बटाट्याच्या साली टाकत नसे. बराकीच्या पायरीवर फडकं पसरून त्यावर वाळत घालायची. आपण सांडगे घालतो तशा, एकेक सुटी करून.

पणजीनं एकदा खुणेनंच विचारलं, हे कशाला? बाईनं हात गुडघ्याएवढा धरून दाखवला. मग कमरेएवढा. आणि मग तळवा जमिनीकडं करून खाली नेला, दोनदा.

पणजी त्या दिवशी भाजीचे पैसे न घेता परत आली. ही गोष्ट आजीनं मला शंभरदा तरी सांगितली असेल. तळवा खाली नेताना ती प्रत्येक वेळी तशीच गप्प व्हायची.

आता सांगा, ती बाई पळून आली होती? १७ सप्टेंबर १९३९ ला रशियाची फौज पूर्व पोलंडमध्ये शिरली आणि मग याद्या निघाल्या. पहिल्या यादीत कोण, तर पोलंडच्या सरकारनं जमिनी दिलेले जुने सैनिक आणि रानाचे राखणदार. पुढच्या याद्यांत पोलीस, मास्तर, कारकून यांच्या घरची माणसं. त्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? काही नाही. मुलूख आपल्यात घ्यायचा, तर तिथं मुळं धरून बसलेली माणसं आधी उपटायची, एवढंच. १० फेब्रुवारी १९४० ला, ऐन बर्फात, पहाटेच्या अंधारात दारं वाजली. थोडक्या वेळात काय घ्यायचं ते घ्या आणि चला. गुरांच्या डब्यांतून सैबेरियाकडं. लाकूडतोड करा, तरच भाकरी. पुढं जर्मनी रशियावर उलटली, १९४१ च्या जुलैत रशियाचा पोलंडच्या सरकारशी करार झाला, तेव्हा कुठं यांची सुटका. त्यातले लाखभर पोलिश फौजेबरोबर इराणला पोचले आणि तिथून काही कराचीमार्गे आपल्याकडं आले. तोवर त्या बाईची दोन लेकरं मागं राहिली होती, मातीत.

काका, तुम्ही असता तर काय राखलं असतं? बंदूकवाले दारात आणि तुमच्या हातात काय, विळा?

बरं, आपण फार मोठे उपकार केले असंही मी म्हणत नाही. त्यांचा खर्च लंडनमध्ये आसरा घेतलेलं त्यांचं सरकार सोसत होतं, मान्य. पण जागा आपली होती, पाणी आपलं होतं, आणि पणजीनं पैसे घेतले नाहीत तो दिवस आपला होता. २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात गेले आणि तिथल्या कोल्हापूर स्मारकावर त्यांनी फुलं वाहिली, तेव्हा हेच काका ग्रुपवर 'गर्व आहे कोल्हापूरकर असल्याचा' टाकत होते. मी स्क्रीनशॉट टाकणार नाही, पण टाकावासा वाटतोय.

आणि ज्या गादीवर बसून तुम्ही हे बोललात ती जागा कुठली? तोच कॅम्प! पोलंडवाले गेले आणि त्याच बराकींत सिंधी आले. आमच्या लहानपणी सगळे म्हणायचे, 'निर्वासितांकडं कापड स्वस्त मिळतं.' निर्वासित म्हणजे एखादी जात असावी असं मला आठवी-नववीपर्यंत वाटायचं. शब्द फोडून बघितला तेव्हा कळलं. निर्वासित म्हणजे घर सोडणारा नाही, ज्याला घरातून काढलं तो. काढणारा कुणीतरी दुसराच असतो आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. 'पळून आले' म्हटलं की तो काढणारा सुटला, सगळा दोष चालत निघालेल्याच्या पायांवर.

सिंधची तर फाळणीही झाली नाही, अख्खाच्या अख्खा प्रांत तिकडं गेला. पंजाब्यांना निदान अर्धा पंजाब मिळाला, यांना वीतभर सिंध मिळाला नाही. बरेच जण आधी थांबले होते. आपलंच गाव, आपलेच शेजारी, चार महिन्यांत निवळेल म्हणून. मग डिसेंबरात हैदराबादेत दंगल झाली, ६ जानेवारी १९४८ ला कराचीत गुरुद्वारात जमलेल्या शिखांवर हल्ला झाला आणि शहरभर लुटालूट. तिथं घरांत शिरणारे कोण होते? बरेचसे भारतातून उखडून तिकडं गेलेले. तेही हाकललेलेच. एकाला हाकललं की तो दुसऱ्याच्या उंबऱ्यावर येतो आणि मग तो दुसरा तिसऱ्याच्या. यात पळपुटं कोण, मला खरंच कुणीतरी सांगा.

आणि परक्यांचं कशाला? त्याच जानेवारीच्या शेवटी गांधीजींचा खून झाला आणि आपल्या कोल्हापुरात, सांगलीत, साताऱ्यात ब्राह्मणांची घरं पेटली. सिनेमावाल्या भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. खेड्यापाड्यातली कुटुंबं नेसत्या कपड्यानिशी पुण्या-मुंबईला गेली. जाळणारे कुठून बाहेरून आले नव्हते. हे बोललं की घरात शांतता पसरते. पसरू दे.

हो, पोटापाण्यासाठी येणारेही असतात, खोटं सांगून घुसणारेही असतात. आहेत, नाही कुठं म्हणतेय. आणि आलेल्यांमुळं पाण्यावर, नोकऱ्यांवर ताण येतो हेही खरं. पण चार लबाडांसाठी त्या बटाटेवालीला पळपुटी म्हणायचं?

जेवून परत लिहायला बसलेय. मघाशी जरा जास्तच चिडले होते. काका वाईट नाहीत. माझ्या शिक्षणाला त्यांनी पैसे दिलेत, तेही कुणाला न सांगता. म्हणूनच लागलं.

काका, तुमचं गाव चिखली. २०१९ चा ऑगस्ट आठवतो ना? बोटीतनं काढलं तुम्हाला. काकूंनी देव्हाऱ्यातले देव पिशवीत घातले होते आणि तुम्ही म्हशीचं दावं सोडून तिला तशीच ठेवून आलात. बारा दिवस होता आमच्याकडं. रात्री उठून गॅलरीत उभे राहायचा. एकदा मी पाणी प्यायला उठले तर म्हणालात, "म्हैस पोहली असंल का गं?" तेव्हा तुम्हाला कुणी म्हटलं असतं, घर राखता आलं नाही, पळून आला? पूर ओसरला, तुम्हाला परत जाता आलं. चिखल काढायला का होईना, घर होतं. बटाटेवालीला तेही नव्हतं. लढाई संपली आणि तिचं गावच रशियाच्या नकाशात गेलं. कॅम्पातली माणसं इंग्लंडला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली, काही कोल्हापूरच्या मातीतच राहिली.

बिल करताना बाकीचे गाडीकडं गेले होते. मी मालकांना म्हटलं, "मामा, काकांचं मनावर घेऊ नका." ते पावतीवर आकडे मांडत होते, मान वर केली नाही. म्हणाले, "न्हाई ताई. पण आमी पळून न्हाई आलो. तिकीट काढून आलो. कराचीत बंदरावर तीन दिस लायनीत हुतो, आई पोटुशी हुती." मग पावती फाडून माझ्या हातात दिली आणि वर एक ब्लाउजपीस ठेवला. तो बिलात नव्हता.

पुढच्या मंगळवारी फॉल-पिकोच्या साड्या आणायला जायचंय. मी आईला घेऊन जाणार आहे, आजीची गोष्ट तिला माझ्यापेक्षा नीट सांगता येते. आणि पोटातलं ते बाळ पुढं कुठं जन्मलं, ते मामांना विचारणार आहे. काका, तुम्हाला यायचं असेल तर गाडीत जागा आहे.