डिफ लॉक खाणीतला, घाट डांबराचा

पाऊस सुरू झाला की आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या टिपरवाल्यांत एक मेसेज फिरायला लागतो. त्यात चार सल्ले असतात: पावसात घाट चढताना डिफ लॉक (चाकं एकाच वेगाने फिरायला बांधून टाकणारं बटणाचं कुलूप) घालूनच ठेवा, चाक गरगरलं की त्याच क्षणी बटण दाबा, ट्रॅक्शन कंट्रोल (घसरणारं चाक आपोआप आवरणारी यंत्रणा) ताकद खातो, तो कायम बंद ठेवा, आणि लॉक असला की उतरणीवर ब्रेक चांगला लागतो. खाली सही 'अनुभवी ड्रायव्हर'. अनुभव असेलही, पण तो खाणीतल्या लाल चिखलाचा आहे.

पहिला सल्ला सगळ्यात महागात पडणारा. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त धावावं लागतं. किती? मागच्या डाव्या-उजव्या चाकांत १.८ मीटर अंतर धरा. गाडीचं तोंड पूर्ण उलटं फिरवणाऱ्या वळणावर बाहेरचं चाक साडेपाच मीटरहून जास्त पळतं. हा फरक पचवायलाच डिफरन्शियल असतो. लॉक घातला की दोन्ही शाफ्ट, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, एकाच वेगाने फिरतात. चिखलात टायर थोडा सरकतो आणि हिशेब मिटतो. डांबर ओलं असलं तरी लादलेल्या गाडीचा टायर तितक्या सहज सरकत नाही. मग तो घासतो, नाहीतर शाफ्ट पिळला जातो. वर दोन्ही चाकं गाडीला सरळच ढकलतात, स्टिअरिंग फिरवलं तरी तोंड वळायला मागत नाही. अनमोड घाटात एका बाजूला दरी असताना हे नको.

मागच्या पावसात आमच्या गॅरेजात एक दहाचाकी ओढून आणली. एक्सल शाफ्ट बाहेर काढला तर खाचांच्या मुळाशी मोडलेला, आणि सरळ असायला हव्या त्या खाचा दोरखंडाच्या पिळासारख्या तिरक्या झालेल्या. ड्रायव्हर बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "मिस्त्री, लॉक सकाळपासून काढलाच नव्हता."

दहाचाकीत दोन लॉक असू शकतात: एक दोन मागच्या एक्सलांमधला (एक्सल म्हणजे डावी-उजवी चाकं जोडणारा आस), दुसरा एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांमधला. गाडी रुतली की आधी पहिला घाला. नाही भागलं तरच दुसरा, तोही स्टिअरिंग सरळ ठेवून.

चाक गरगरताना बटण दाबणं म्हणजे पैसे जाळणं. लॉकच्या आत दातात दात अडकतात. एक चाक फिरतंय, दुसरं उभं आहे, अशा वेळी ते अडकत नाहीत, आदळतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, चाक थांबू दे, मग लॉक, मग पहिल्या गिअरात हळू.

ट्रॅक्शन कंट्रोलचं मात्र अर्धं खरं आहे. चाक घसरतंय असं एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून कळलं की तो इंजिनाची ताकद कमी करतो. खोल चिखलात नेमकी तेव्हाच ताकद हवी असते आणि गाडी जागीच बसते. तिथे तो बंद केलात तर मी नाही म्हणणार नाही. पण घाटात चढावर गाडी थांबली, रस्ता ओला, एक चाक कडेच्या शेवाळावर: इथे तो घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. लॉकचं बरंचसं काम होतं आणि वळणावर शाफ्ट पिळत नाही. जुन्या टिपरांत तो मुळात नसतोच, त्यामुळे हा सल्ला बऱ्याच जणांना लागूच नाही, तरी पुढे पाठवतात सगळेच.

ब्रेकचं म्हणाल तर लॉकमुळे ब्रेकची ताकद वाढत नाही. उलट निसरड्या उतरणीवर इंजिन ब्रेक (पाय काढल्यावर इंजिनच चाकांना आवरतं तो) लागला आणि मागची दोन्ही चाकं एकदम घसरली, तर गाडीची पाठ बाजूला जाते.

आणि मेसेजात नसलेली एक गोष्ट. बटण बंद केलं तरी डॅशवरचा लॉकचा दिवा कधी कधी जात नाही. शाफ्टवर ताण असला की दात सुटत नाहीत. तसंच रस्त्याला लागू नका. सपाट जागी गाडी हळू पुढे-मागे घ्या, स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करा. ताण सुटला की दिवा जातो.