यंदा आमच्याकडे पाहुण्यांना गरम पोळी मिळणार नाही

यंदा गणपती १४ सप्टेंबरला बसतायत आणि आमच्याकडे आत्तापासूनच फोन सुरू झालेत. "रविवारी देखावे बघायला येतोय गं, जरा टेकू तुझ्याकडे." पुण्यात सदाशिव पेठेत घर असलं की हे दिवस घर आपल्या एकट्याचं राहत नाही, आणि मला ते मनापासून आवडतं. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून तर पिंपरी-चिंचवडकडचे नातेवाईकही गाडी कुठे लावायची ही काळजी न करता येतात. तुळशीबाग, गुरुजी तालीम, दगडूशेठ करून रात्री साडेअकराला बेल वाजते. दारात चपलांचा ढीग, पोरं पेंगुळलेली. आधी पाणी मागतात आणि मग लगेच, "काकू, खायला काय आहे?"

म्हणून आधीच सांगून ठेवते. यंदा आमच्याकडे कुणालाही तव्यावरची पोळी थेट पानात, कढईतली भजी थेट ताटलीत असं मिळणार नाही. पोटभर मिळेल, चवीचं मिळेल, पण गरमागरम मिळणार नाही. आणि ज्यांच्या घरी सणाला वीस-पंचवीस माणसं येतात त्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हा गरमागरमचा हट्ट तुम्हीही सोडा.

गेल्या वर्षी १ सप्टेंबरला गौरीपूजन होतं. मिरजेहून मावशी आली होती. तिचे गुडघे दुखतात, तरी सकाळच्या गाडीनं आली, दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं. जेवायला बावीस माणसं. हॉलमध्ये एका वेळी आठ पानं बसतात, म्हणजे तीन पंगती, आणि तिन्ही पंगतींना पुरणपोळी गरम हवी. मी अकरापासून तव्यापाशी उभी होते. शेजारच्या शेगडीवर भजी आणि कुरडया. दुसरी पंगत उठली तेव्हा मावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चौकटीला एक हात टेकवून, तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं काहीतरी सांगत होती. वर एक्झॉस्टचा आवाज, समोर पोळी फुगलेली. मी तव्याकडे बघत "हं, हं" करत राहिले. निघताना तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. ब्लाउज घामानं भिजलेला होता. म्हणाली, "तुझ्याशी बोलायला आले होते गं. बरं, फोनवर सांगेन."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री डब्यात चौदा पोळ्या उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी त्या तशाच गार, दुधात कुस्करून खाल्ल्या आणि धाकटा म्हणाला, "आई, कालच्यापेक्षा आज जास्त छान लागतायत." पुरण मुरलेलं असतं, वेलची-जायफळ उतरलेलं असतं, लागणारच. मग काल तीन तास मी तव्यापाशी कशासाठी उभी होते? हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही.

आपल्याकडे गार खायचे पदार्थ कमी आहेत का? प्रवासाला निघताना आपल्या आज्या काय बांधून द्यायच्या ते आठवून बघा. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, सोबत शेंगदाण्याची नाहीतर लसणीची चटणी. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवली की दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. हे शिळं अन्न नव्हे, टिकावं म्हणूनच केलेलं अन्न आहे. तेच एसटीत चालतं, शेताच्या बांधावर चालतं, मग आपल्या हॉलमध्ये का चालू नये?

माझा एक साधा नियम झालाय. जो पदार्थ एकेक करून करावा लागतो, तो गर्दीला करायचा नाही. थालीपीठ, डोसे, घावन, पुऱ्या, भजी, सगळे बाद. चार माणसं असतील तर मी आनंदानं थालीपिठं लावीन. पण पंधरा माणसं असली की शेवटचं थालीपीठ होईपर्यंत पहिला खाणारा हात धुऊन मोबाईल बघत बसलेला असतो, आणि करणारी शेवटी एकटीच ओट्यापाशी उभ्यानं खाते. जो पदार्थ एका मोठ्या पातेल्यात किंवा परातीत एकदम होतो, आणि जो तासभर झाकून ठेवला तर बिघडायच्या ऐवजी मुरतो, तो आपला.

यात पहिला मान दडपे पोह्यांचा. पाव किलो पातळ पोहे नाश्त्याला पाच-सहा जणांना पुरतात. पोहे भिजवायचे नाहीत. परातीत घ्यायचे, त्यावर अर्ध्या नारळाचं खवलेलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, काकडी, कोथिंबीर, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर. नारळाचं पाणी फेकू नका, तेच शिंपडा. हलक्या हातानं कालवायचं, वर ताट ठेवून त्यावर पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवायचं. दडपून ठेवायचे म्हणूनच ते दडपे. वीस मिनिटांत खोबऱ्या-काकडीच्या ओलाव्यानं पोहे मऊ होतात. तेवढ्यात मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची आणि शेंगदाण्यांची खमंग फोडणी करून गार होऊ द्यायची, वरून ओतायची. गॅस एकूण पाच मिनिटं चालू. तळलेली सांडगी मिरची आणि पोह्याचे पापड मी दोन दिवस आधीच करून घट्ट डब्यात ठेवते, आयत्या वेळी हातानं चुरडायचे. आणि गर्दीला करताना कांदा कालवू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. या दिवसांत कांदा न खाणारं कुणीतरी असतंच, त्यांना विचारत बसावं लागत नाही.

गेल्या वर्षी एका रात्री सव्वाबाराला नऊ जण आले. त्यातलं कुणीच दडपे पोहे कधी खाल्लेले नव्हते. पुतणी परातीशेजारीच जमिनीवर बसली आणि कालवता कालवता सगळ्यांना वाढत गेली. मीही तिच्याशेजारी बसून खाल्ले. गणपतीच्या दिवसांत पाहुण्यांबरोबर बसून खायची माझी ती कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ.

दुसरी वाटली डाळ. आमच्याकडे अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या प्रसादाला करतात, पण ती वर्षातून एकदाच का करायची हे मला कळत नाही. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं, हिरवी मिरची-जिरं घालून पाणी न घालता भरड वाटायची. तेलाला कंजुषी करू नका, डाळ तेल पिते. फोडणीत परतून, झाकण ठेवून दोन-तीन वाफा आणायच्या, मोकळी झाली की मीठ, साखर, लिंबू, खोबरं, कोथिंबीर. डब्यात भरून घाटावर नेतो तेव्हा ती गारच असते आणि तिथे उभ्या उभ्या द्रोणातून खाताना काय सुंदर लागते! हीच डाळ घरी आलेल्याला सोफ्यावर बसवून द्या. ज्यांना कोरडी वाटते त्यांना वर दोन चमचे दही.

भेळेबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना येते. फक्त पावसाळी हवेत कुरमुरे सादळतात, ते कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतून गार करून ठेवा. चिंच-खजुराची चटणी आठवडाभर आधी करून फ्रीजमध्ये ठेवली तरी चालते. पुदिन्याची मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. नारळही एकदम तीन-चार खवून छोट्या डब्यांतून फ्रीजरमध्ये टाकते.

भाताबाबत मात्र सांभाळा, हे मी आवर्जून सांगतेय. गार खायचं म्हणजे ओट्यावर दिवसभर पडलेलं खायचं, असं नाही. दहीबुत्ती ही रात्री उशिरा येणाऱ्यांसाठी सगळ्यात उत्तम गोष्ट, पण भात शिजल्यावर पसरून लवकर गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलाच पाहिजे. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू असतो. शिजवल्यानंही त्याचे बीजाणू मरत नाहीत आणि भात बाहेर तसाच राहिला तर ते वाढून विष तयार करतात, मग पुन्हा गरम करूनही उपयोग होत नाही. सणात अख्खं घर उलट्यांनी आडवं झालेलं मी एकदा पाहिलंय. दहीबुत्तीत दह्याच्या बरोबरीनं दूध घाला, म्हणजे आंबट होत नाही. ओलं खोबरं घातलेले पदार्थही तीन-चार तासांत संपतील एवढेच करा. लागलं तर पुन्हा करायला वीस मिनिटं तर लागतात.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांना माझं हे पटलेलं नाही आणि त्या जे म्हणतात ते मी बाजूला सारत नाही. त्या म्हणतात, "पाहुण्याच्या पानात गरम पडलं म्हणजे त्याला कळतं, आपण येणार म्हणून कुणीतरी उभं राहिलंय." खरं आहे. त्यांच्या काळी माया दाखवायला बाईकडे दुसरं काय होतं? पण मी त्यांना विचारलं, "आई, तुम्ही गौरीची आरती समोर उभं राहून शेवटची कधी म्हटलीत?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला आरत्या सगळ्या पाठ आहेत गं, आतून म्हणायचे मी." चाळीस वर्षं त्यांनी आरती स्वयंपाकघरातून म्हटली आहे. कढईत काहीतरी सुटलेलं असायचं, सोडून येता यायचं नाही.

त्यांच्यासाठी मी एक गोष्ट मान्य केली. पानात एक तरी गरम असेल. कढी किंवा टोमॅटोचं सार. मोठ्या पातेल्यात मंद गॅसवर ठेवलं की बघावं लागत नाही, ज्याला हवं त्यानं वाटी भरून घ्यायची. कढी फुटू नये म्हणून थोडं डाळीचं पीठ लावलेलं असतंच, फक्त खळखळून उकळू द्यायची नाही.

आणि देवाचा नैवेद्य. त्यात मी काहीच कमी करत नाही. एकवीस मोदक आंबेमोहोराच्या पिठीचे, घरी, हातानं, निवांत. पण ते देवाचे आणि घरच्यांचे. शंभर मोदक करून येईल त्याला दोन-दोन वाढायचा आग्रह नाही. बाकीच्यांना प्रसादाला पंचखाद्य: खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, किसमिस. एकदा करून बरणीत भरलं की रोजच्या आरतीला पुरतं, आणि चमचाभर खाल्लं तरी तोंडात वेलचीचा वास दरवळत राहतो.

खरं तर आपल्या सणानंच ही सोय करून ठेवलीय. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशीची ऋषीची भाजी आठवा. अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, मक्याचं कणीस, सगळं एका पातेल्यात शिजवायचं, चिंच, मिरची, मीठ, खोबरं. फोडणी नाही, तेल नाही. गौरी येतात त्या दिवशी कितीतरी घरांत नैवेद्याला भाजी-भाकरीच असते. माहेरवाशीण दमून आली, तिला आधी भाजी-भाकरी, मग दुसऱ्या दिवशी पुरणाचं. साक्षात गौरीला चालतं, मग नणंदेच्या नवऱ्याला चालणार नाही असं आपण का धरून चालतो?

पोळ्या मी पोळी-भाजी केंद्रातून आणते आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही. तिथल्या बायका हातानं लाटतात, त्यांना त्यातून चार पैसे मिळतात. फक्त या दिवसांत दोन दिवस आधी सांगून ठेवा आणि सकाळी एकदा फोन करा. मागे एकदा एका ठिकाणी ऐनवेळी "आज जमणार नाही" म्हणाले आणि चाळीस पोळ्यांसाठी धावाधाव झाली. तेव्हापासून ब्रेडचे दोन पुडे घरात ठेवतेच.

चहा पूर्णपणे नवऱ्याकडे आणि थोरल्याकडे. गवती चहा आणि आलं घालून कोरा उकाळा मोठ्या थर्मासात, दूध वेगळं गरम. दुधासकट चहा थर्मासात ठेवला तर तासाभरात त्याला एक वास येतो, तो मला सहन होत नाही. भांड्यांचं म्हणाल तर सुपारीच्या पानांच्या ताटल्या. थर्माकोलच्या २०१८ पासून आपल्याकडे बंदच आहेत, आणि बरं झालं. पेठेतल्या नळाला येणाऱ्या पाण्यात वीस माणसांची ताटं दोनदा घासणं हाही एक स्वयंपाकच असतो.

विसर्जनाच्या दिवशी तर काही विचारूच नका. लक्ष्मी रोडची मिरवणूक तीस तासांच्या आसपास चालते, आणि तेवढा वेळ आमचं दार लावलेलं नसतं. त्या दिवशी टेबलावर फक्त डबे मांडून ठेवणार आहे. दशम्या, चटणी, वाटली डाळ, काकडीची कोशिंबीर, केळी. ज्यानं त्यानं घ्यायचं आणि गॅलरीत जाऊन ढोल ऐकत खायचं. मीही गॅलरीतच असेन.

काल मावशीला फोन केला. म्हटलं, यंदा गौरीला मुक्कामालाच ये, परतीचं तिकीट काढू नकोस. तिनं आधी विचारलं, "पुरणपोळ्या किती करणार आहेस?" मी म्हटलं, आदल्या रात्री करून ठेवणार, दोघी मिळून गारच खाऊ. ती म्हणाली, "मग मी दशम्या घेऊन येते. पुरण मात्र तू एकटी वाटू नकोस, मी आल्यावर बसून वाटू."