पाव्हणा जेवेना

धुळ्यात आमच्या घरून कोणी उपाशी परत गेलंय, असं आजवर झालेलं नाही. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला, तर आई बोटांच्या फटीतून शेवभाजीचा रस्सा सोडते. अशा घरात मी ऑस्कर आणला.

हा मासा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. वाढला की फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. "काय पण खातो साहेब," असं दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं. घरी आल्यावर हा शिकारी टाकीच्या तळाशी एका कुशीवर आडवा झाला. धाकटीने भोकाड पसरलं. मी जाळी घेऊन धावलो. जाळी पाण्यात शिरताच त्याने डोळा गर्रकन माझ्याकडे फिरवला. भर दुपारी दारावरची बेल वाजवणाऱ्याकडे आमचे वडील बघतात, अगदी तसा.

जागा बदलली की ऑस्कर रुसतो. दिवा बंद ठेवायचा, काचेवर टकटक करायची नाही. असले मासे आठवडाभर न खाताही ठणठणीत राहतात. हे सगळं मी आईला समजावलं.

"लेकरू उपाशी शे, आनि तुम्ही दिवा बंद करीसन बठनात!"

मग आग्रह सुरू झाला. गोळी-खाद्य टाकलं, ते फुगलं, बुडालं. उरलेलं कुजलं की पाण्यात अमोनिया होतो, म्हणून मी नळीने ते ओढून काढायचो. वाढणारा मीच, उष्टं काढणाराही मीच. सोललेली कोळंबी दोऱ्याला बांधून त्याच्या नाकापुढे नाचवली. त्याने पाठ फिरवली. शेजारचे आबा म्हणाले, "जित्ती मासोळी टाक, मंग देख." जिवंत माशांबरोबर रोग येतात, गोल्डफिशमध्ये तर बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं, असं मी सांगू लागलो, तर आबा चहा पिऊन निघून गेले. आईने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. घरभर ठसका लागला. पाण्यात होता तो तेवढा सुटला.

शेवटी पोकळा निवडताना जुडीतून हिरवा नाकतोडा निघाला. आईने तो चिमटीत धरला आणि थेट टाकीत सोडला. त्याने पाण्यावर तंगड्या झाडल्या. तळाशी, शेपटीजवळचा नारिंगी कड्याचा डाग जरासा हलला. मग टप्प! नाकतोडा गायब, आईचा चष्मा ओला.

रानात तो किडे खातोच, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. आईला मात्र आपल्या हाताचा गुण वाटला. आता गोळ्या दिल्या की तो तोंडात घेऊन थुंकतो. एकदोन दिवस उपाशी ठेवला तर मुकाट्याने खाईल, पण या घरात ते बोलायची सोय नाही. आई पाचकंदीलच्या बाजारात जाते, फवारणी न केलेली भाजी शोधते आणि एकेक जुडी झटकून बघते.

"एक बी किडा नही, मावशी!" भाजीवाला शपथ घेऊन सांगतो, आणि ती जुडी परत ठेवून पुढच्या गाडीकडे वळते.