"62.5 केव्हीए सांगून 87 ॲम्पिअरचा जनरेटर गळ्यात मारला" या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, एक स्टार दिलात, ठीक आहे, पण "फसवणूक" म्हणालात म्हणून सगळ्यांसमोरच उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं की 62500 भागिले 230 केलं तर 271 ॲम्पिअर येतात आणि नेमप्लेटवर फक्त 87 लिहिलंय, मग बाकीचे गेले कुठे.

कुठेच गेले नाहीत हो. तुमचा हिशोब सिंगल फेजचा आहे आणि मशीन थ्री फेज आहे. थ्री फेजला दोन फेजमधलं व्होल्टेज 415 धरायचं, त्याला रूट थ्री म्हणजे 1.732 ने गुणायचं, आलेल्या 719 ने 62500 ला भागायचं, 87 येतात. आणि हे 87 एका फेजचे आहेत, तिन्ही फेजला प्रत्येकी तेवढे मिळतात, बेरीज 261. तुमचे 271 त्यापेक्षा थोडे जास्त दिसतात कारण तुम्ही 230 ने भागलंत, 415 चं फेज टू न्यूट्रल, म्हणजे एका फेजचं व्होल्टेज, 240 होतं.

"50 किलोवॅटच मिळतात, साडेबारा खाल्ले" हे पण लिहिलंय. प्लेटवर पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाचा, म्हणजे किलोवॅटचा, वाटा) 0.8 छापलाय, 62.5 गुणिले 0.8 म्हणजे 50. मोटर, कॉम्प्रेसर असले लोड कामापेक्षा जास्त करंट ओढतात आणि वाइंडिंग (आतली तारांची गुंडाळी) तापतं ते करंटने, म्हणून अल्टरनेटरचं (जनरेटरमधला वीज तयार करणारा भाग) रेटिंग केव्हीएमध्येच देतात, आमचाच नाही, कुठलाही घ्या.

आता ट्रिपिंगचं, म्हणजे ब्रेकर पडून सप्लाय बंद होतो त्याचं, खरं दुखणं तिथेच आहे आणि ते तुम्ही रिव्ह्यूत एका ओळीत उरकलंत. आमचा माणूस आला तेव्हा क्लॅम्प मीटर लावून तुमच्यासमोरच तिन्ही फेजच्या (आर, वाय, बी) करंटचं रीडिंग घेतलं होतं, आर फेज 118 ॲम्पिअर, वाय 34, बी 29. एकूण लोड बघाल तर मशीनला आरामात झेपणारा आहे, पण सगळे एसी आर वरच टाकलेत. एमसीसीबीचं (करंट जास्त झाला की सप्लाय तोडणारा ब्रेकर) सेटिंग 90 वर आहे, 118 गेल्यावर तो अर्ध्या पाऊण तासात पडणारच, पडला नसता तर वाइंडिंग गेलं असतं.

मोठा जनरेटर घ्यायची काहीच गरज नाही (विकायला मला आवडलं असतं, पण असो). इलेक्ट्रिशियनला सांगून लोड वाटून घ्या, प्रत्येक फेजला साधारण 60 येईल. आणि तो म्हणेल की एमसीसीबीचं सेटिंग वाढवून देतो, ते मात्र करू देऊ नका. लोड वाटल्यावर तिन्ही फेजचं रीडिंग मला पाठवा, मी बघतो.